दोस्तीचा राजीनामा

अजूनही कुणी मला उर्दूत काही विचारलं की आधी माझी मान डावीकडं वळते. मिडलच्या तीन वर्षांत माझी सगळी उत्तरं डावीकडूनच येत होती, त्याला मी काय करू? निजामाचं राज्य होतं आणि नांदेडच्या आमच्या शाळेत गणित, भूगोल, इतिहास, सगळं उर्दूत चालायचं. मी हदगावकडच्या शेतकऱ्याचा पोर. घरी मराठी, शेतात मराठी, बैलांना शिव्या द्यायच्या त्याही मराठीतच. शिकायला मावशीकडं नांदेडला आलो आणि पहिल्याच दिवशी हजेरीला 'हाजिर, जनाब' म्हणायच्या जागी 'हाव' म्हणून बसलो. डावीकडचा पोरगा फस्सकन हसला. तोच पुढं माझा दोस्त झाला.

तो वकिलाचा मुलगा. उर्दू अशी फाडफाड बोलायचा की मौलवीसाहेब खूश होऊन मान डोलवायचे. मला प्रश्न आला की तो ओठ न हलवता उत्तर कुजबुजायचा. आणि मी? मी त्याचं दप्तर घरापासून शाळेपर्यंत उचलायचो. गावाकडून आलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्याच्यापुढं ओतायच्या, त्यानं खायच्या, टरफलं मी गोळा करायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातली गत. पण खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा लई. त्याच्याकडं रबरी चेंडू होता, मधल्या सुट्टीत भोवती पोरांचा हा घोळका. मी लांब उभा राहून बघायचो, आज आपल्याला हाक मारतो का. सकाळी मारली तर दुपारी मारील का, दुपारी मारली तर उद्या काय. तीन वर्षं माझा जीव असा टांगणीला.

एक दिवस मौलवीसाहेबांनी मला उभं केलं. "बोलो, किताबें कहाँ रखी जाती हैं?"

मी मान डावीकडं केली. डावीकडून आवाज आला, "कबूतरखाना."

"कबूतरखाने में, जनाब!" मी छाती काढून सांगितलं.

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली. पुस्तकं कुतुबखान्यात ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते जन्मात विसरलो नाही. कारण कबुतरांचं उत्तर देऊन मी भिंतीकडं तोंड करून तास संपेपर्यंत कोंबडा झालो होतो. पायांच्या मधून मला तो दिसत होता. हसून हसून लाल झाला होता नुसता.

सुट्टी झाली आणि मी त्याला धरला. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. धुळीत लोळवला, त्याची टोपी फाडली, त्यानं माझा दंड चावला. तेवढ्यात कुणीतरी दोघांचे कान धरले. वर बघतो तर सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर!

हैदराबादकडचे होते ते. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळं जास्तच भ्या वाटायचं. ते म्हणाले, "कल सुबह दोनों राज़ीनामा लिख के लाओ. दस्तख़त के साथ."

राजीनामा! तो शब्द मला चांगला माहीत होता. माझा मामा त्याच साली बार्शीच्या गिरणीत साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून लातूरला येऊन राहिला होता. मावशीच्या घरी दुसरा विषयच नव्हता. राजीनामा दिला म्हणजे संपलं, परत त्या दारात पाय नाही ठेवायचा. म्हणजे हेडमास्तरांनी आमची दोस्तीच काढून घेतली की! ती पण आम्हालाच लिहायला लावून.

घरी आलो, पण बसवेना. गोदावरीवर गेलो, पाण्यात पाय घातले, परत आलो. ओसरीवर आलो, अंगणात गेलो, पुन्हा ओसरीवर. मावशी पीठ मळता मळता ओरडली, "अरे, पायाला भिंगरी लागली का तुझ्या? बस की एका जागी!"

बसलो आणि लिहायला घेतलं. आधी रडू येत होतं. दोस्ती गेली तर उत्तरं गेली, उत्तरं गेली तर शाळा गेली, आणि तोही गेला. पण हात चालू झाला तसा राग बाहेर पडायला लागला. मोडक्या उर्दूत मी लिहिलं: 'मैं दोस्ती के काम से राज़ीनामा देता हूँ. अव्वल ये कि इसका दफ़्तर मैं उचलता. दोयम ये कि शेंगा मेरे खेत की, खाता ये. सोयम ये कि मेरे को कबूतर बोला. चहारम ये कि बुलाता तो आता, नइ बुलाता तो भी आता, इसकी मेरे को शरम. पंजुम ये कि इसको दूसरे दोस्त बहोत हैं, मेरे जाने से इसको कुछ फरक नइ पड़ता.' पाचवं कलम लिहिताना नाक गळत होतं. खाली सही ठोकली.

सकाळी दोघं हेडमास्तरांच्या खोलीत. त्यानं आधी आपला कागद दिला. बापाचे कागद बघून झकास उतरवलेला, 'फ़रीक़-ए-अव्वल' म्हणजे पहिली बाजू, 'फ़रीक़-ए-दोयम' म्हणजे दुसरी, काय अन् काय. दोन्ही बाजू आपसांत राजी आहेत, आणि दुसरी बाजू नेहमीप्रमाणं बस्ता उचलत राहील! खाली दोन सह्या. एक त्याची आणि एक माझी. माझी पण त्यानंच केलेली!

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ये दस्तख़त तेरे हैं?"

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. खोटी सही म्हणजे छडी, आणि वर बापाला बोलावणं. माझ्याकडं बघून राहिला होता. पहिल्यांदाच उत्तर माझ्याकडून यायचं होतं.

"जी," मी म्हणालो.

"और ये?" त्यांनी माझा कागद उचलला.

"ये भी मेरे."

त्यांनी माझा कागद वाचला. मिशा थरथरायला लागल्या. "पूरा दफ़्तर उठाता है तू? मेज़-कुर्सी के साथ?" उर्दूत दफ़्तर म्हणजे कचेरी, हे मला कुठं ठाऊक! मग हसू आवरून म्हणाले, "बेटा, नौकरी छोड़ना हो तो इस्तीफ़ा. राज़ीनामा तो राज़ी होने का होता है. झगड़ा ख़त्म करने का." माझे कान तापले. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी माझा कागद त्याच्या हातात दिला. "बाहर बैठ के इसकी ज़बान दुरुस्त कर."

बाहेर लिंबाखाली तो पेन्सिल घेऊन बसला. मी उभाच, या पायावरून त्या पायावर. त्यानं दफ़्तर खोडून बस्ता केलं. उचलता खोडून उठाता केलं. कबूतरवर ओठ चावले. चौथ्या कलमावर त्यानं काहीच दुरुस्त केलं नाही. पाचव्याला पेन्सिल थांबली.

"हे चूक हाय."

"काय, जेर-जबर? काना-मात्रा चुकली?"

"न्हाई. कोण हायेत दुसरे? नावं सांग."

मी नावं सांगायला तोंड उघडलं. "ते, चेंडू खेळायला येतेत ते..."

"ते चेंडूकडं येतेत. चेंडू घरी ठिवला का कुत्रं बी येत न्हाई." त्याचे डोळे भरले. बाहीनं नाक पुसलं. "तू गेल्यावर मी कुणासंगं बोलू?"

मला असा राग आला म्हणता! तीन वर्षं मी जीव टांगून फिरलो आणि हा बाबा हे आज सांगतोय. "मेल्या, हे आधी सांगायला काय झालतं तुला?"

"तू कवा इचारलंस?" तो म्हणाला.