चकाचकनं आवरलेली संदर्भसूची

हॉस्पिटलच्या सफाई विभागात त्याला सगळे चकाचक म्हणत. फरशीवर एक डाग दिसला की याचा जीव कासावीस! घरीही तीच तऱ्हा. चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, हा विसळून मोकळा. बायको त्याच हॉस्पिटलात नर्स. वॉर्डातल्या आवाजानं रुग्णांची झोप कशी मोडते, यावर ती प्रबंध लिहीत होती आणि त्यापायी स्वयंपाक, धुणीभांडी सगळं यानं अंगावर घेतलं होतं. हौसेनं, बरं का.

प्रबंध परवा द्यायचा होता. बायको अंघोळीला गेली आणि हा टेबल पुसायला आला. कॉम्प्युटरवर तिचं संदर्भांचं सॉफ्टवेअर उघडं होतं. वाचलेला प्रत्येक लेख त्यात नोंदवला की शेवटची सूची ते आपोआप बनवतं, एवढं त्याला ठाऊक होतं. बघतो तर काय, एकाच बाईचं आडनाव ओळीनं खालपर्यंत! "किती वेळा तेच तेच," म्हणत त्यानं एक नोंद ठेवली, बाकीच्या उडवल्या. मग पुढचं आडनाव. शेवटी सॉफ्टवेअरमधली कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम त्याच्या रक्तातच नव्हतं.

"अहो, काय केलंत हे?" बायको मटकन खाली बसली. "त्या बाईंचा प्रत्येक लेख वेगळा आहे हो!"

चकाचकनं लगेच ग्रंथपाल मॅडमना फोन लावला. बायकोला हे सॉफ्टवेअर त्यांनीच शिकवलं होतं.

"ती लायब्ररीत ज्या कॉम्प्युटरवर बसते, त्यातही नेटवरून हीच यादी उतरते. तो आत्ता बंद आहे, म्हणजे त्यात सगळं असणार," मॅडम म्हणाल्या. "या लगेच."

दोघं धापा टाकत पोचली. चकाचकनं कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला, तशा मॅडम ओरडल्या, "थांबा!" आणि त्यांनी आधी नेटची वायर उपटली. "नेट लागलं असतं तर घरी पुसलेलं इथंही पुसलं गेलं असतं."

कॉम्प्युटर सुरू झाला. सगळ्या नोंदी जागच्या जागी! मॅडमनी त्या वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेतल्या. चकाचकला रडूच कोसळलं.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडताय कसले? बसा. उडालेला प्रत्येक संदर्भ प्रबंधात पुन्हा जोडायचाय."

मग तो लेखाचं नाव वाचायचा आणि बायको जोडायची. वाचता वाचता तो अडखळला. "अगं, हा तर आमच्या ढकलगाडीच्या खडखडाटावर आहे!"

"मग? तो वाचूनच तर तुम्हाला चाकांना तेल घालायला सांगितलं होतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी घातलंत. त्या वॉर्डातली माणसं झोपतात आता." ती पुढचा संदर्भ जोडत म्हणाली, "आणि तुम्ही घर सांभाळलं नसतं, तर मी यातलं एक पानही वाचू शकले नसते."

तो मान खाली घालून पुढचं नाव वाचू लागला.

संध्याकाळी सूची पुरी झाली. एकच नोंद खरोखर दोनदा आली होती. बायकोनं माऊस त्याच्यापुढे सरकवला.

"काढा एक."

"मी? वेडी का काय तू?"

"मग कोण? आवरण्यात तुमचा हात कोण धरणार?"

त्यानं दोन्ही नोंदी वाचल्या. लेखाचं नाव, साल, पान, पुन्हा नाव. मग श्वास रोखून एक उडवली.

कचरापेटी मात्र त्यानं तशीच भरलेली ठेवली.