उंबऱ्यात ठोकलेला रुपया

कसं सांगू तुम्हाला! आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि बोल मलाच.

मालवणच्या बाजारात माझं किराणा दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण नाणं पारखण्यात माझा हात धरणारा सावंतवाडीपर्यंत कोणी नाही, असं लोक म्हणत. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक म्हणत. गल्ल्याशेजारी एक काळा दगड होता. रुपया त्यावर आपटायचा. 'ठण्ण' वाजला तर गल्ल्यात. 'ठक' वाजला तर थेट उंबऱ्यात खिळ्यानं ठोकायचा! खोटं नाणं पुन्हा फिरायला नको, आणि बघणाऱ्याला धाक. ही वडिलांपासूनची रीत.

साल चौसष्ट-पासष्ट असेल. बंदरावरची जानकीकाकी चहा-साखर न्यायला आली आणि तिनं एक कोरा करकरीत रुपया टाकला. बघतो तर वर चेहरा! नुकत्याच वारलेल्या मोठ्या पुढाऱ्याचा. आता तुम्हीच सांगा, चेहरा असायचा राजाच्या रुपयावर. आपल्या रुपयावर सिंह. मी दगडावर आपटला. ठक! निदान मला तरी तसंच ऐकू आलं.

"काकी, खोटा आहे."

"खोटो? माझ्या झिलान मुंबैत रांगेत उभो रवान घेतल्यान, माका धाडल्यान!"

"तुझ्या मुलाला फसवलं कुणीतरी. चहा-साखर फुकट ने, पण हा परत मिळायचा नाही."

"माका तुझी साखर नको रे! माझो रुपयो दी!"

देतो कशाला? चार गिऱ्हाइकं बघत होती ना! हातोडी काढली. खिळा वाकला. दुसरा वाकला. शेवटी शेजारच्या लोहाराचा टोच्या आणून भोक पाडलं आणि रुपया उंबऱ्यात ठोकला. तेव्हाच समजायला हवं होतं, खोटं नाणं एवढी झुंज देत नाही. पण नाही! काकी डोळे पुसत गेली आणि मी मिशी पिळत बसलो.

आठवड्याभरानं संध्याकाळी कचेरीतले एक साहेब आले. हातात खळीचा डबा आणि जाहिरातींची भेंडोळी. माझ्या दारावर कागद चिकटवत म्हणाले, "सरकारनं स्मारक म्हणून नवा रुपया काढलाय. लोक एकतर घेत नाहीत, नाहीतर पेटीत जपून ठेवतात. दोन्ही चालणार नाही. नाणं फिरलं पाहिजे, प्रत्येक दुकानदारानं घेतलंच पाहिजे. मोडतोड केली तर गुन्हा."

आणि खिशातून नमुना काढून दाखवला. तोच चेहरा!

आणि तो रुपया तर उंबऱ्यात, साहेबांच्या पायापाशी! पण डोकं शाबूत होतं. मी पटकन खाली बसलो, बरोबर त्या रुपयावर.

"शेट, उंबऱ्यावर का बसलात?"

"वारा बरा येतो, साहेब."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात नको तेच झालं. जानकीकाकी!

"रे भाऊ, तिन्हीसांजेक उंबऱ्यार बसतंस? लक्ष्मी येतली खंयसून? उठ आधी!"

"बसूं दे गो काकी, गुडघे दुखतत."

"गुडघे दुखतत तर हात दी!"

कोळंबीची पाटी वाहिलेला हात तो. एका हिसक्यात मी उभा, आणि धोतर खिळ्याला अडकून चर्रर्र! साहेब खाली वाकले.

"हे काय?"

मला तुरुंगाची भिंत दिसली. काकीनं रुपयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका शब्दात माझा निकाल लावता आला असता तिला.

"सायबानु, तो माझो रुपयो. गळ्यात घालूचो म्हणान मियाच भाऊक खिळो मारून भोक पाडूक सांगललंय. झिलाची आठवण ती."

साहेब विरघळले. "असं करायचं नसतं, आजी," एवढंच म्हणून पुढच्या दुकानाकडे गेले. मी पकडीनं खिळा उपटला, रुपया धोतरानं पुसून तिच्या हातात ठेवला आणि वाकून पाया पडलो.

"पाया नंतर पड," काकी म्हणाली, "आधी माझी चहा-साखर बांध. फुकट म्हणाललंस!"

काळ्या दोऱ्यात तो रुपया घालून काकी बाजारभर मिरवली. "सोनारान पैसे घेतले असते. आमच्या भाऊन भोक फुकट पाडून दिल्यान!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तो काय! दारावर सरकारी कागद, मोडतोड कराल तर गुन्हा. आणि त्या कागदाखाली तीन बायका, हातात नवे रुपये घेऊन उभ्या.

"भाऊनु, काकीक दिलात तसा आमकाय एक एक भोक पाडून दिया!"

दगड मी त्याच दिवशी परसात नेऊन टाकला. पण नाव कुठे टाकणार? पार कुडाळच्या बाजारातसुद्धा अजून कोणी मला पारखी म्हणत नाही. म्हणतात, "तो बघ, भोकवालो भाऊ इलो!"