कोरडा मूग की भिजवलेला

द्वारका गेल्याचं मला कळलं, तेव्हा करवतीचं मशीन चालू होतं. ती सांगलीच्या इस्पितळात होती. आमची मुलगी शैला तिथून फोनवर फोन करत होती, पण मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. शेवटी तिने लेथवाल्या इस्माईलला फोन केला. त्याचं दुकान आमच्या समोरच आहे. तो आला आणि त्याने सरळ मेन स्विच बंद केला. मी म्हणालो, अरे, फळी अर्ध्यात अडकली ना. तो चप्पल काढून उभा राहिला. माझ्या कारखान्यात सगळीकडे भुसा आणि खिळे, तिथे कुणी चप्पल काढत नाही. तेव्हा मला समजलं.

ती फळी नंतर मी सोडवली. पण तेव्हापासून त्या मशीनवर एक काम धड झालेलं नाही. पातं वर-खाली करायचं हँडल झिजलंय. आमचं काम असं चालायचं की मी लाकूड धरायचं आणि द्वारकाने हँडल फिरवायचं. मी सांगायचो, मूगभर वर, तिळभर खाली. आमचं माप तेच. पातं बरोबर तिथं यायचं. आता मी स्वतः मूगभर फिरवतो, तर ते जागचं हलत नाही, नाहीतर एकदम उडी मारतं. शैलाला दिवस गेलेत. बारशाचा पाळणा मी करणार असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. पाळण्याच्या चारी बाजूंना सारखीच खोल खाच पाडावी लागते, नाहीतर तळाची फळी धरत नाही. बराच साग वाया गेला. शैला म्हणते, बाबा, तयार पाळणा आणू या. मी नाही म्हणालोय.

आज दुपारी जेवून मी मशीनशेजारी प्लायवर आडवा होतो. पंखा फिरतोय. समोरून लेथचा आवाज येतोय, तो हळूहळू लांब जातो. मग भुशात पावलं वाजतात. म्हणजे वाजत नाहीत, भुशात वाजणार कशी, पण मला कळतं.

द्वारका मशीनपाशी उभी आहे. पदर खोचलेला. माझ्याकडे बघायच्या आधी ती जमिनीकडे बघते.

"केर कधी काढला होता?"

मी म्हणतो, कालच. ती म्हणते, मेलेल्या माणसाशी तरी खोटं बोलू नये. मी विचारतो, तिकडे कसं आहे. ती म्हणते, बरं आहे, पण तिथली सगळी दारं नीट लागतात, त्यामुळे सुताराच्या घरात असल्यासारखं वाटत नाही.

मला तिला हँडलचं विचारायचं आहे. मी तोंड उघडतो, तर आम्ही एस.टी.त बसलोय. तासगावची गाडी. ड्रायव्हरच्या पुढ्यात स्टिअरिंगच्या जागी आमचं हँडल आहे. तो अर्धा फेरा फिरवतो तरी गाडी सरळच जाते. मग ती वळते, पण तोवर वळण मागे पडलेलं असतं. गाडी उसातून चाललीय. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. द्वारका खिडकीतून हात काढून एक ऊस मोडून घेते.

"झोल आहे त्यात," ती म्हणते. "शैला शाळेत जायला लागली तेव्हापासून आहे."

मी म्हणतो, आपल्या मशीनला काही झोल नाही. ड्रायव्हर मागे वळून माझ्याकडे बघतो आणि पुन्हा हँडल फिरवायला लागतो.

आमच्या सीटखाली पाट आहेत. समोर चूल नाही, गॅस आहे, म्हणजे आम्ही घरात आहोत. द्वारका ताटात मूग निवडतेय. मी एकदाचं विचारून टाकतो, मी मूगभर म्हणायचो तेव्हा तू किती फिरवायचीस?

"कुठला मूग?"

"कुठला म्हणजे?"

"कोरडा की भिजवलेला?"

मी ताटातला एक दाणा उचलून बघतो. मग ती सांगते. मशीन नवं होतं तोवर कोरडा. पुढे हँडलचे आटे झिजले, तेव्हापासून मी मूग म्हटलं की ती भिजवलेला धरायची. मग मोड आलेला. शेवटी शेवटी तर मी मूग म्हणायचो आणि ती हरभरा फिरवायची. मी म्हणतो, म्हणजे इतकी वर्षं तू मूग गिळून बसलीस.

"मग काय. तुम्हीच मोजून द्यायचात."

वर म्हणते, मशीन झिजलं असं म्हटलं की तुम्हाला स्वतःलाच म्हटल्यासारखं व्हायचं, चार दिवस जेवण गोड लागायचं नाही. मला राग येतो. गेलेल्या बायकोवर रागावणं बरं दिसत नाही, म्हणून मी मूग निवडायला लागतो. ती म्हणते, खडे ठेवताय आणि मूग टाकताय.

"मग मी आता हरभरा धरू?"

"आणि पुढे? भोपळा धराल? हँडल बदला. इस्माईल नवीन करून देईल."

मी ताटातले दाणे बोटाने इकडून तिकडे सारतो. ती विचारते, काय झालं. मी सांगतो, इस्माईल दोनदा येऊन गेला. मी दिलं नाही. त्याला म्हटलं नट गंजलाय, निघत नाही. हँडलच्या मुठीवर तिच्या बोटांचे खळगे पडलेत, हे त्याला कसं सांगायचं.

ती हसायला लागते. हसताना ताट हलतं आणि मूग जमिनीवर पसरतात.

"अहो, त्या खळग्यांत मी बसलेय होय? हात सोलून निघायचा माझा. एकेक फेऱ्याला तुम्हाला शिव्या घातल्यात त्या मुठीवर."

"मला कधी ऐकू आल्या नाहीत."

"मशीन चालू असायचं ना."

मग ती हसायची थांबते. म्हणते, पोर पाळण्यात असताना तळ निसटला, तर आजोबांनी मुठीतले खळगे दाखवायचे का त्याला?

आम्ही मशीनपाशी आहोत. दाखवा तुमचा गंज, ती म्हणते. नटाला पाना लावायची गरजच पडत नाही. ती दोन बोटांनी फिरवते आणि नट माझ्या हातात ठेवते. तिची बोटं गार नाहीत. मी म्हणतो, थांब जरा, चहा टाकतो. ती म्हणते, तुमचा चहा प्यायला आता कशाला जीव धोक्यात घालू.

लेथ थांबल्यामुळे मला जाग येते. पंखा फिरतोय. माझी मूठ इतकी घट्ट वळलीय की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आत नट आहे. तळहातावर त्याचे सहाही कोपरे उमटलेत. मशीनकडे बघतो, तर हँडल दांड्यावर सैल लटकतंय.

ते मी अजून काढलेलं नाही. इस्माईलकडे न्यायचं आहे, आणि पाळण्याच्या चारही बाजू कापायच्या राहिल्या आहेत.