मित्राने दिलेला कप

शेल्फ पुसताना तो लाकडी कप हातात आला की अजून जुन्या कॉफीचा वास येतो, आणि ड्रेस्डेनमधली ती दुपार आठवते. पीएचडी करत होते तेव्हा. लॅबमधल्या फिनिश मैत्रिणीला जेवायला बोलावलं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंनाही. आपली खोड कुठे जाते, वरणभात वाढता वाढता मी दोघींचं गाव जुळवायला गेले. म्हटलं, "तुमचे वडील दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या उत्तरेला होते ना? हिची आजी तिथलीच." बाई इतक्या खूश झाल्या की खाली जाऊन हा कप घेऊन आल्या. "तिथल्या एका मित्राने बाबांना दिला होता." मैत्रिणीने तो उलटसुलट करून पाहिला. "असेल," ती म्हणाली. "शस्त्रसंधी होईपर्यंत आपण, जर्मन आणि फिनिश, मित्रच होतो. आम्ही रशियाशी ती केली आणि युद्धातून सुटलो, पण अट होती, जर्मन सैन्याला हाकला. त्यांनी जाता जाता आजीचं गाव जाळलं. घराचं नुसतं धुराडं उरलं." "हो," एवढंच बाई म्हणाल्या. भातावरचं तूप थिजलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "कप कधी मिळाला, त्याआधी की नंतर, हे बाबांनी कधीच सांगितलं नाही." निघताना मैत्रिणीने कप नेला नाही, आणि बाईंनीही नाही. इतकी वर्षं तो माझ्याकडे आहे. मी त्यातून अजून काही प्यायलेले नाही, आणि नव्या माणसाला गाव विचारताना माझी जीभ अडखळते.