दादा काय म्हणाला

तो मराठी होता म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. हे एवढंसं वाक्य कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली, आणि आजही ते लिहिताना अंगाचा तिळपापड होतो.

तो म्हणजे अशोका गार्डन वस्तीच्या पुढे, रेल्वे लाइनजवळच्या एका दुमजली घरात मनोरुग्णांचं निवासी केंद्र चालवणारा संचालक. मूळचा इंदूरचा. आणि त्याच्या हवाली मी ज्याला केलं तो माझा सख्खा थोरला भाऊ, दादा.

आमचे वडील पुण्याहून या हिंदी शहरातल्या कारखान्यात नोकरीला आले आणि कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं वाढलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दादाही त्याच कारखान्यात लागला, तयार झालेले सुटे भाग तपासायच्या खात्यात. मापात केसभर फरक निघाला तरी तो खडूने लाल फुली मारून तो भाग बाजूला टाकायचा, मग फोरमन येऊन कितीही गोड बोलू दे. आई म्हणायची, "अरे, कधीतरी चालवून घ्यावं." त्यावर तो म्हणायचा, "मी घेईन गं चालवून, पण मशीन घेणार आहे का?" त्याच्या या हटवादीपणाची आम्ही घरात भरपूर चेष्टा करायचो.

पस्तिशीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले. ते हिंदीत बोलायचे. म्हणून त्याने हिंदी बोलणं पार सोडलं. "मी मराठीत बोललो की त्यांना काही कळत नाही, धाकटे," असं त्याने मला एकदा नीट समजावून सांगितलं. त्याला हिंदी समजायची सगळी, पण समोर डॉक्टर असो की भाजीवाली, उत्तर मराठीतच. आई होती तोवर ती मध्ये बसून सगळ्यांना सांगायची, हा काय म्हणतोय ते. आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं.

मी तेव्हा एका हिंदी शाळेत शिकवत होते. बिट्टन मार्केटजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दादा चार महिने राहिला. नवऱ्याला ते झेपेना आणि खरं सांगायचं तर मलाही झेपेना. दोन ठिकाणी विचारून आले. पेशंट नेमकं काय बोलतो ते आम्हाला समजणार नाही, असं म्हणून दोघांनीही हात वर केले. मग कुणीतरी या संचालकाचं नाव सुचवलं. त्याने दारातच दादाचा हात धरला आणि म्हणाला, "या दादा, बसा. चहा घेणार ना?" दादा कित्येक महिन्यांनी हसला. माझा जीव भांड्यात पडला. "ताई, आता तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ," संचालक म्हणाला, "हे तुमचं माहेरच समजा." आणि मी मूर्ख, खरंच तसं समजले! संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आमच्या घरी यायचा, शेव घातलेले पोहे खायचा, नवऱ्याशी इंदूरच्या गप्पा मारायचा. या गावात आपल्या भाषेत कुणी 'ताई' म्हटलं की आम्ही मंडळी लगेच विरघळतो. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

वर्षभराने त्याचा फोन आला. "ताई, गुरुवारी तपासणीची समिती येतेय. ते लोक एकेका पेशंटशी बोलतात. आपले दादा तर मराठीशिवाय बोलतच नाहीत, आणि मी सांगितलेलं चालत नाही त्यांना. तुम्ही याल का?" समिती गुरुवारीच येणार हे याला सोमवारी कसं कळलं, हा प्रश्न मला पडला नाही. उलट माझी गरज पडली म्हणून बरंच वाटलं. मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि चांगली साडी नेसून गेले.

खाटांवर नव्या चादरी होत्या, घड्यांच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. फिनाइलचा वास नाकात चढत होता. दादाच्या अंगात मी कधीही न पाहिलेला हिरवा स्वेटर होता. समितीत तिघं होते. त्यातले डॉक्टर समोरच्या खुर्चीवर बसले, मी दादाशेजारी खाटेवर, आणि संचालक दाराला टेकून उभा.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, इथे कसं वाटतं? दादा माझ्याकडे वळला. एकेक शब्द तोलून, पूर्वी मापं सांगायचा तसा म्हणाला, "संध्याकाळी सातला बाहेरून कडी लावतात. सकाळी सहाला काढतात. खोलीत आम्ही पाच जण. लघवीला कोपऱ्यात डबा. हा स्वेटर माझा नाही, आज सकाळी घातला."

मी संचालकाकडे पाहिलं. तो गोड हसत होता. मनात काय काय येऊन गेलं! दादा आजारी आहे, त्याला भास होतात. हा संचालक बिथरला आणि दादाला घरी न्या म्हणाला तर? दोन ठिकाणांनी आधीच नाही म्हटलंय. नवरा काय म्हणेल? आणि आपल्या माणसाला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं?

मी म्हणाले, "कह रहे हैं, शाम को जल्दी सो जाते हैं. कमरे में साथी हैं, मन लगा रहता है. ठंड में स्वेटर भी मिल गया."

दादाला हिंदी समजते हे मी त्या क्षणी विसरले, की विसरल्यासारखं केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी वळणदार अक्षरात सही केली. जाताना संचालकाने सगळ्यांना जिलबी दिली. ती मी खाल्ली.

त्यानंतर रविवारी भेटायला गेले की दादा हो-नाही एवढंच बोलायचा. 'धाकटे' म्हणणं बंद झालं. गोळ्यांमुळे होत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. खोटं सांगायची सवय एकदा लागली की ती अशी घरापर्यंत येते.

दीड वर्षाने सकाळी सकाळी सरकारी कार्यालयातून फोन आला. कुणीतरी तक्रार केली होती, आणि या वेळी पथक आगाऊ न कळवता, संध्याकाळी साडेसातला गेलं होतं. सगळ्या खोल्यांना बाहेरून कड्या लावलेल्या होत्या. केंद्र बंद होणार होतं, आपला पेशंट येऊन घेऊन जा म्हणाले. मी संचालकाला फोनवर फोन लावले. बंद. पंचवीस माणसं तशीच टाकून तो पसार झाला होता. तिळगूळ देणारा, मला ताई म्हणणारा! त्या सकाळी मी त्याला मराठीतल्या येतील तेवढ्या शिव्या घातल्या. नवऱ्याने त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "दादांना घरी आण."

मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून एक खोली रिकामी होती. ती झाडली, पलंग खिडकीजवळ ओढला, दाराची बाहेरची कडी नवऱ्याने पेचकसाने काढून टाकली. रिक्षात मी मनाशी घोकत होते, दादाची माफी मागायची, त्याला घरी आणायचं आणि पुन्हा कुठे म्हणून पाठवायचं नाही.

केंद्राच्या अंगणात लोक गाठोडी बांधत होते. आतल्या खोलीत एक तरुण अधिकारी बाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर दादा. हिरवा स्वेटर नव्हता, साध्या सदऱ्यात होता आणि किती वाळला होता! बाईंनी जुनी फाइल उघडून वाचलं, "रोगी संतुष्ट है. बहन ने अनुवाद किया." मग माझ्याकडे बघून विचारलं, "ये दस्तख़त आपके हैं?" मी हो म्हणाले.

त्यांनी फाइल मिटली. दादाला कुठे राहायचंय, बहिणीच्या घरी की सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात, ते त्यांना लिहून हवं होतं. "आप ज़रा इनसे पूछकर बताइए," त्या मला म्हणाल्या.

मी दादाजवळ वाकले. "दादा, घरी चल. तुझी खोली तयार आहे. दाराला कडी नाही."

त्याने हात वर करून मला थांबवलं. बाईंकडे पाहिलं. दोनदा घसा खाकरला. आणि वीस वर्षांनंतर माझा भाऊ हिंदीत बोलला. अडखळत, कारखान्यातल्या जुन्या हिंदीत. "मैडम से मत पूछिए. ये मेरी बात बदल देती हैं. मैं ख़ुद बोलूँगा."

मॅडम मला शाळेतली मुलं म्हणायची. दादाने कधी म्हटलं नव्हतं. त्याचे ते आवाज आता सगळं ऐकत असणार, आणि त्याला त्यांची भीती वाटतच असणार. तरी तो बोलला.

बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी उठले आणि दार लोटून घेऊ लागले, तेव्हा तो म्हणाला, "दरवाज़ा खुला रहने दीजिए."

मी बाहेरच्या बाकावर बसले. त्याने आधी इस्पितळाचा वॉर्ड सांगितला. मग तो बराच वेळ बोलत होता. सातची कडी, सहाची कडी, पाच माणसं, कोपऱ्यातला डबा, दुसऱ्याचा स्वेटर. बाई लिहून घेत होत्या. त्यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. सगळं त्याने मला आधीच सांगितलं होतं, मराठीत.