चाळलेली माती

माझी मोठी जाऊ रोस्लिदा मोटारसायकलवरून पडली आणि तिचा डावा हात मोडला. हाड जुळलं, पण मनगट वळेना. दुसऱ्या कुणा बाईचं त्यावाचून फारसं अडलं नसतं. आमच्या घरच्या सुना मडकी करतात. फुटक्या मडक्याच्या बुडावर माती बसवायची, उजव्या हाताने एकावर एक वळ्या चढवायच्या आणि डाव्या हाताने ते बूड सारखं फिरवत राहायचं. डावा हात गेला की मडकं गेलं, आणि मडकं गेलं की आमच्याकडे सुनेच्या हाती दुसऱ्यांची चूल फुंकणं तेवढं उरतं.

तिला हे काम सासूबाईंनी, नेरेआंनी, शिकवलेलं. तिच्या माहेरी, असेम्बोला, मासे सुकवतात; लग्न होऊन आली तेव्हा तिला मातीचा गंध नव्हता. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावाने हाक मारतात, म्हणून सासूबाईंच्या तोंडी ती कायम न्यार असेम्बो, असेम्बोची लेक. पुढे पुढे बाजारात लोक तिचीच मडकी शोधत यायचे. सासूबाईंना ते आवडायचंही आणि टोचायचंही.

हात असा झाल्यावर रोस्लिदा रडली वगैरे नाही. किसुमूच्या एका लॉजचं धुण्याचं यंत्र भंगारात निघालं होतं, त्याची मोटर तिने आणली. जुन्या गाडीच्या चाकाचा हब बेअरिंगसकट मिळवला, त्याच्यावर लोखंडी तबकडी वेल्ड करून घेतली. खाली सायकलची रिम, मोटरवरून रिमवर पट्टा, आणि वेग कमीजास्त करायला शिलाई मशीनचं पायडल.

"लग्नात गाई दिल्या त्या बायकोसाठी दिल्या होत्या," तिचा नवरा ओयुगी अंगणात बसून म्हणायचा. "मेकॅनिकसाठी नाही."

"मग एक गाय परत मागा माझ्या भावाकडून," ती म्हणायची. "आणि तो पाना द्या इकडे."

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गोळा उडाला तो थेट सासूबाईंच्या चर्चच्या झग्यावर. आम्ही हसून लोळलो. सासूबाई म्हणाल्या, "देवाला सांगते, उशीर का झाला ते." मग रोस्लिदाने मोटरवरची पुली बदलून छोटी बसवली. चाक संथ झालं, हाताने फिरवावं तेवढंच. तिला वेग नकोच होता, फक्त गेलेला हात परत हवा होता. तिचं पहिलं मडकं उभं राहिलं तेव्हा सासूबाईंनी कडेवर बोट फिरवलं आणि आत गेल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आमच्यात पुरुष मातीला हात लावत नाही. ओयुगीनेही नाही लावला, आधी. आधी तो दारात उभा राहून म्हणाला, पट्टा ढिला आहे. मग पट्टा ताणला. मग नुसतं बघायला म्हणून स्टुलावर बसला, आणि मग उठेना.

"माती बाईची, ते बरोबर," तो म्हणाला. "पण हे यंत्र आहे. यंत्र पुरुषाचं."

रोस्लिदाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओमेना निवडत होत्या. त्या बोटभर माशांतून त्यांनी मान वर केली नाही.

चाक फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. ओयुगीने तिची पुली काढून मोठी बसवली, चाक भरभर फिरू लागलं. फोनवर बघून बघून तो शिकला, आणि खोटं कशाला बोलू, त्याची भांडी गुळगुळीत दिसायची. लोक थांबून बघायचे. मडकी करणारा पुरुष म्हणजे नवलच. रोस्लिदाकडे माती तुडवायचं काम आलं.

"यात खडे किती," तो एक दिवस तळवे दाखवत म्हणाला. "सालटी निघाली. चाळून देत जा."

"ती खापरांची भरड आहे. ती नसली तर जाळात फुटतील."

"फोनवर कुणी भरड घालत नाही."

"फोनवरच्यांकडे भट्ट्या आहेत. आपण उघड्यावर गवतात भाजतो."

"तू चाळ."

तिने चाळली.

आमच्याकडे भाजण्याचे नियम कडक. आदल्या रात्री नवऱ्यापाशी गेलेली बाई जाळापाशी येत नाही, आणि पुरुष तर कधीच नाही. ओयुगी आला. आपली भांडी आपणच रचणार म्हणाला. गवत पेटलं आणि थोड्याच वेळात आत फटफट सुरू झाली. राख बाजूला केली तर एकही धड नाही.

मडकी फुटली की आमच्यात विचारतात, जाळात पाय कुणाचा, म्हणजे नियम कुणी मोडला. सांगायचं ते घरच्या थोरल्या बाईने. सासूबाईंनी एक खापर उचललं, दाताखाली धरलं, चावलं, थुंकलं. भरड कच्‌कन लागते; लागली नाही. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो पायाने राख उकरत उभा होता. एवढा मोठा पुरुष, सगळ्या बायकांसमोर.

"न्यार असेम्बो," त्या म्हणाल्या, "पाय तुझा. इथून पुढे जाळापाशी यायचं नाहीस."

"आई, मी रात्री तुमच्याच खोलीत झोपले होते."

"मी सांगितलं."

रोस्लिदा हात धुऊन घरी गेली. जाळापासून तोडलेल्या बाईचं मडकं बाजारात कुणी घेत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि सांगणारीलाही.

त्या आठवड्यात ओयुगीने पुन्हा माती मागितली. ती मागच्या अंगणात चाळत बसली होती, मी शेजारी सुकुमाची भाजी चिरत होते. सासूबाई टोपलीत काहीतरी घेऊन आल्या. स्वतः कुटलेली भरड होती. इकडेतिकडे बघून त्यांनी टोपली रोस्लिदापाशी सरकवली.

"बारीक कुटली आहे," त्या हळू म्हणाल्या. "घाल मूठभर. त्याला कळणारही नाही."

"कशाला?"

"परत फुटतील, बाई. लोक हसतील त्याला."

"माती वाईट नव्हती, आई. पाय वाईट होता, आणि तो तर तुम्ही काढलात." रोस्लिदाने टोपली त्यांच्याकडे परत सरकवली. "आता कशी फुटतील?"

सासूबाई टोपली उचलून गेल्या.

रोस्लिदाने घमेल्यावर फडकं ताणून बांधलं आणि चाळलेली माती त्यातून पुन्हा गाळायला घेतली.