टोपलीभर काय

आमच्या गल्लीतल्या एका सहा वर्षांच्या मुलीशी मी जाहीर कट्टी केली, तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. आणि हे गल्लीत फक्त मलाच माहीत नव्हतं.

ईरा, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. नील, तू जन्मलाही नव्हतास, म्हणून हे खरं तर तुझ्यासाठी लिहिते आहे. (ईराला वाटतं तिला सगळं आठवतं. तिला फक्त शेवटची धावपळ आठवते!) टोरांटोचं अजून कोणाच्या मनातही नव्हतं, तुम्ही पुण्यात होता. मे महिन्यात ईराला तंजावूरला आमच्याकडे सोडताना तुमच्या आईने मला बाजूला घेतलं.

"आई, हिच्या बाई सांगतात, मधल्या सुट्टीत ही भिंतीला टेकून उभी असते. कोणाशी बोलत नाही. त्या म्हणतात, खेळू द्या हिला. वाट बघणं, वाटून घेणं, रागावणं, परत गोड होणं, सगळं खेळातूनच येतं. इथे तिला एक तरी मैत्रीण मिळू दे गं."

"एवढंच ना? माझ्यावर सोड," मी म्हटलं.

कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. पुस्तकं जागेवर आणि माणसं गप्प, हे माझं सुखाचं चित्र. लहानपणी वडिलांनी इंग्रजी शाळेत घातलं. घरी आलं की वीणा, मग पाढे, मग झोप. गल्लीतले खेळ मी पाहिले ते माडीच्या बंद खिडकीतून, खालचा आवाज वर येणार नाही अशा बेताने.

तुमचे आजोबा मात्र याच गल्लीत गुडघे फोडून घेत वाढले. म्हणून सगळ्यात आधी मी त्यांचं तोंड बंद केलं. "अहो, हा शास्त्राचा विषय आहे. तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

"बरं," म्हणाले, आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. (उभ्या संसारात माझं ऐकायला त्यांनी नेमका हाच दिवस निवडला!)

ओसरीवर मी चटई अंथरली. मधोमध पल्लांगुळीचा पट ठेवला. हा खळगे पाडलेला लाकडी पट असतो. एकेका खळग्यात चिंचोके टाकत पुढे जायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. म्हणजे वाटून घेणंही आलं आणि वाट बघणंही! खेळ सुरू करायला आणि संपवायला देवघरातली घंटा घेतली. शिवाय आपली मान डोलावणारी तंजावूरची बाहुली कोपऱ्यात मांडली, 'दुसऱ्याचं ऐकून घ्यावं' हे मुलांच्या मनावर ठसावं म्हणून.

समोरच्या घरात नुकतंच पापनाशमहून एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यांची मीनू सहा वर्षांची, दोन वेण्या, समोरचा दात पडलेला, आणि तमिळखेरीज एक अक्षर न येणारी. मी बोलावलं तशी ती उड्या मारत आली. मी घंटा वाजवली.

"उन् पेर एन्न?" मीनूने ईराला नाव विचारलं.

"काय?" ईरा म्हणाली. तिला तमिळ कुठून कळणार!

मीनू दचकली. मग जरा धीर करून म्हणाली, "विळैयाडलामा?" म्हणजे, खेळू या का?

"काय?"

मीनूचा चेहरा पडला. मला वाटलं, ईराचा सूर जरा तुटक लागला. लगेच मी शिकवलं, "ईरा, असं नुसतं 'काय' म्हणू नये. गोड हसून म्हणावं, 'काय गं?'"

गुणी पोर! तिने मान तिरकी केली, मीनूच्या डोळ्यांत पाहून हसली आणि मधाळ आवाजात म्हणाली, "काय गं?"

मीनूचे डोळे भरून आले. मला राहवलं नाही. एरवी मी गल्लीत तमिळच बोलते, पण गडबडले की तोंडून घरची, तंजावूरची मराठी निघते. मी तिची हनुवटी धरली. "काय? काय झालं? काय गं, काय?"

मीनूने असं भोकाड पसरलं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ती चिंचोके उधळत घरी पळाली. झोपाळ्याची कडी करकरली. आजोबांनी तोंडात पंचा कोंबला होता.

"काही बोलायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कोपऱ्यातली बाहुली मात्र 'हो हो' करत होती.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. मी घंटा बडवली. तेव्हा समोरच्या फाटकाआड मीनू आणि तिने जमवलेली गल्लीतली पोरं उभी राहिली. तेवढ्यात भाजीची गाडी आली. तमिळमध्ये भाजीला आणि कच्च्या फळाला 'काय' म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. भाजीवाला दारोदार तेच ओरडत जातो. "काय! काय! कत्रिकाय, वेंडैकाय, काय!"

ईराला वाटलं, हा माणूस काहीतरी विचारतोय. ती फाटकाशी धावली आणि मोठ्याने विचारू लागली, "काय? काय? काय?"

समोरच्या सगळ्या पोरांनी एकदम करंगळ्या वर केल्या.

"आजी," ईरा रडवेली झाली, "ते सगळे माझ्याशी कट्टी करतायत!"

"छे गं! त्यांना शू लागली आहे," मी म्हटलं, आणि तमिळमध्ये ओरडले, "या रे बाळांनो, लाजू नका! मागच्या अंगणात डाव्या हाताला!"

आजोबा झोपाळ्यावरून उठून आत गेले. आतून उशीत तोंड खुपसून हसल्यासारखा आवाज आला.

त्या संध्याकाळी ईरा ओसरीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. अगदी तिच्या बाईंनी सांगितलं तशी. "मला पुण्याला जायचंय," म्हणाली. मग माझा सगळा तोरा उतरला. शाळेची भिंत सोडवायला आणलेल्या पोरीला मी आमची भिंत दाखवली होती! हे काही घंटेने सुटणार नव्हतं. मी ईराचा हात धरला, परसातल्या झाडाच्या कैऱ्यांनी टोपली भरली आणि समेट करायला समोर गेले.

मीनूच्या आईचं नाव सरोजा. तिने "या मामी" म्हटलं, पण टोपलीकडे बघून तिचा चेहरा विचित्र झाला.

"मीनू आज आली नाही," मी तमिळमध्ये विषय काढला. "आमच्याकडून काही चुकलं का?"

"मामी, लहान तोंडी मोठा घास," सरोजा म्हणाली, "पण मुलांनी एकमेकांना 'काय' देणं ठीक आहे. तुम्ही एवढ्या मोठ्या, शिकलेल्या. तुम्हीसुद्धा माझ्या पोरीला 'काय' दिलंत! तेही चार वेळा! तेही हनुवटी धरून, हसत!"

मी इतकी चक्रावले, की तोंडातून मराठीच निघाली. "काय?"

"बघ अम्मा!" दाराआडून मीनू किंचाळली. "परत दिलं!"

"आणि आज तर," सरोजा कपाळाला हात लावत म्हणाली, "टोपलीभर मांगाय घेऊन आलात!" (मांगाय म्हणजे कैरी, आंब्याचं 'काय'!)

मग तिने मला, या गावात जन्मलेल्या आणि पिकलेल्या बाईला, समजावून सांगितलं. इथली पोरं भांडली की करंगळी दाखवून म्हणतात 'काय'. म्हणजे कच्चं फळ. आपली कट्टी. आणि परत जमलं, की दोन बोटं पुढे करून 'पळम'. म्हणजे पिकलेलं फळ. बट्टी! माडीच्या खिडकीतून करंगळ्या दिसल्या असतील, शब्द कुठले ऐकू यायला!

मी मीनूपुढे उभी राहिले आणि मराठीत 'काय' म्हणजे तुमचं 'एन्न', नुसता प्रश्न, एवढंच, असं तमिळमध्ये सांगितलं. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"मग हिने मला तिचं नाव का नाही सांगितलं?"

"तिला कळलंच नव्हतं गं, तू काय विचारतेस ते!"

मीनूला ते पटलं. मग ईरासमोर आली, दोन बोटं पुढे केली आणि पडलेल्या दाताच्या फटीतून जोरात म्हणाली, "पळम!"

आता इतकं सगळं झाल्यावर ईराने बोटं धरायची की नाही? पण मी सरोजाशी तमिळमध्ये बोलत बसले होते. ईराला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तिला एकच मराठी शब्द ऐकू आला: पळ!

ईरा पळाली.

"पळम!" मीनू बोटं पुढे धरून मागे धावली.

ईराने वेग वाढवला. बिचारी मीनू जितकी मैत्री ओरडे, तितकी ही जोरात पळे! दोघी आमच्या ओसरीवरून, पल्लांगुळीच्या पटावरून, बाहुलीला घेरी आणून परत रस्त्यावर. गल्लीतली पोरं "पळम! पळम!" करत मागे लागली. मी घंटा वाजवत सुटले, "थांबा! पाळी! पाळी!" घंटा ऐकून कोपऱ्यावरच्या आजींनी आरतीसाठी हात जोडले.

शेवटी मीनूने ईराला खांबाशी गाठलं आणि तिच्या बोटांना आपली बोटं टेकवली. ईरा धापा टाकत तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय!"

मी डोळे मिटून घेतले. पण मीनू खदखदून हसली आणि उलटी फिरून पळत सुटली. आता ईरा बोटं पुढे धरून मागे. "पळम! पळम!"

असा तो खेळ जन्मला. 'काय' म्हटलं की पळायचं, 'पळम' म्हणून पकडायचं. दिवसातून पन्नास कट्ट्या आणि पन्नास बट्ट्या! भिंतीला टेकायला ईराला परत वेळच मिळाला नाही. माझ्या शिकवणीत यातलं काहीच नव्हतं, हे तुमच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं!" रात्री जेवताना मी आजोबांना धरलं.

"शास्त्राचा विषय होता," ते म्हणाले, आणि कैरीची फोड तोंडात टाकली.

तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. कोणाचंही 'काय' मी आता उधार ठेवत नाही. सकाळी गाडी दारात येते, "काय! काय!" अशी हाक येते, आणि माझी दोन बोटं आपोआप खिडकीबाहेर जातात. "पळम!" मी ओरडते.

"मामी," भाजीवाला दमून म्हणतो, "रोज सांगतो, पळम पुढच्या गाडीवर मिळेल!"